माती सुटते, विष सुटत नाही

ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याजवळ ज्या मावशींकडून मी तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, घेते, त्या वाटा पिशवीत ओतताना दर वेळी सांगतात, "मिठाच्या पान्यात ठेव रातभर, सगली माती सोरतील." माझी आई हेच करायची. पातेल्यात मिठाचं पाणी, त्यात तिसऱ्या, वर ताट. सकाळी तळाला राखाडी गाळ बसलेला असायचा. मग एकेकीला टिचकी मारून ती मिटते का बघायचं, न मिटणारी बाजूला काढायची. उकळल्यावर जी उघडली नाही, तीही फेकायची.

या सगळ्याला अर्थ आहे. शिंपल्यातला जीव मेला की तो फार लवकर नासतो, आणि टिचकीला मिटणारा शिंपला जिवंत असतो ही खूण पक्की आहे. पण पाण्यातल्या काही सूक्ष्म शेवाळांचं विष तिसरीत, कालवात किंवा शिनाण्यात साठलं असेल, तर यातली एकही खूण कामाला येत नाही. तशी तिसरीसुद्धा ठणठणीत जिवंत असते. टिचकीला मिटते, उकळली की छान उघडते, वास ताजा येतो, चव नेहमीचीच लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं अन्नाचे नमुने तपासते आहे. हे विष स्वयंपाकघरात पकडता येत नाही. शिंपला पाण्यात असतानाच ते शोधावं लागतं. कसं शोधतात, ते इथे सांगते.

तिसरी म्हणजे एक जिवंत गाळणी. खाडीच्या चिखलात रुतून ती दोन नळ्या वर काढते. एका नळीतून पाणी आत घेते, दुसरीतून बाहेर सोडते. कालवं आणि शिनाणे खडकाला धरून शिंपला किंचित उघडतात आणि हेच करतात. दिवसाला कित्येक लिटर पाणी असं गाळलं जातं आणि त्यात अडकलेलं सूक्ष्म शेवाळ हे त्यांचं जेवण. या शेवाळांच्या हजारो जाती आहेत, त्यातल्या विष तयार करणाऱ्या मोजक्याच. एरवी त्यांची संख्या नगण्य असते. पण ऊन, शांत पाणी आणि सांडपाण्यातून किंवा शेतातून आलेलं नायट्रोजन-फॉस्फरस असं जुळून आलं की एखादी जात भराभर वाढते. त्याला शेवाळाचा फुलोरा म्हणतात. पाण्यात विखुरलेलं विष विरळ असतं. शिंपला मात्र ते दिवसचे दिवस गाळून पोटात, मुख्यतः पचनग्रंथीत, गोळा करत राहतो. त्याचं स्वतःचं त्यात सहसा काही बिघडत नाही, बिघडतं ते खाणाऱ्याचं.

इथे एक गैरसमज आधीच दूर करते. पाणी लाल किंवा हिरवं दिसलं म्हणजे ते विषारी असेलच असं नाही. उलट, काही घातक जाती पाण्याचा रंग जराही न बदलता, लिटरमागे फार थोड्या पेशी असतानाच शिंपल्यांना खाण्यास अयोग्य करतात.

या विषांत सगळ्यात भीती वाटावी असं विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम कटेनाटम अशा शेवाळांत ते बनतं. नाव मात्र एका शिंपल्यावरून पडलं, सॅक्सिडोमस. मज्जातंतूंतून संदेश पुढे जातो तो सोडियमच्या कणांना आत घेणाऱ्या सूक्ष्म दारांमुळे. सॅक्सिटॉक्सिन त्या दारांना बुचासारखं बसतं. जेवल्यानंतर अर्ध्या तासापासून काही तासांत ओठ आणि जिभेला मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, चाल डगमगते. विष जास्त गेलं असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही. पण व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला तर शरीर हे विष लघवीवाटे बाहेर टाकतं आणि माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून शिंपले खाल्ल्यावर ओठांना मुंग्या आल्या तर ॲसिडिटी समजून घरी पडून राहू नका. थेट रुग्णालयात जा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा. उरलेलं कालवण ओतून टाकू नका, तपासणीसाठी तोच सगळ्यात मोठा पुरावा असतो.

हे आपल्या देशात घडलेलं आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळमधल्या विळिंजमला शिनाणे खाऊन सात जण दगावले आणि सुमारे पाचशे जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याआधी १९८१ मध्ये तामिळनाडूतल्या वायलूरला तिघांचा जीव गेला होता.

"नीट शिजवलं की काही होत नाही," असं सगळे म्हणतात. प्रयोगशाळेत सॅक्सिटॉक्सिन तपासण्याची जी जुनी पद्धत आहे, तिची पहिली पायरी अशी: शिंपल्याचं शंभर ग्रॅम मांस वाटायचं, त्यात शंभर मिलिलिटर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायचं आणि पाच मिनिटं उकळायचं. विष नाहीसं व्हावं म्हणून हे करत नाहीत. ते मांसातून सुटून पाण्यात यावं म्हणून करतात. आंबट पाण्यात उकळूनही ते टिकतं, त्यावरच ही चाचणी उभी आहे. मग तिसऱ्यांच्या आपल्या एकशिपी कालवणातल्या कोकमाने किंवा चिंचेने त्याचं काय होणार? मांसातलं थोडं विष रश्शात उतरतं, आणि रस्सा तर आपण आवडीने भुरकतो. फ्रीझरनेही काही होत नाही. लसूण काळा पडतो का, चांदी काळी पडते का, या परीक्षांनाही काही आधार नाही. मिठाच्या पाण्यात ठेवून एका रात्रीत आतडीतली रेती निघते, ग्रंथीत बसलेलं विष निघत नाही. ते बाहेर पडायला शिंपल्याला स्वच्छ पाण्यात काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि सॅक्सिडोमससारख्या जातीत ते वर्षाहून अधिक काळ राहिल्याच्या नोंदी आहेत.

आता प्रमाण बघू. अन्नाचे जागतिक निकष ठरवणाऱ्या कोडेक्सने सॅक्सिटॉक्सिन-गटाची मर्यादा किलोमागे ०.८ मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे शंभर ग्रॅम मांसात ०.०८ मिलिग्रॅम. मोहरीचा दाणा साधारण दोन मिलिग्रॅमचा धरला, तर त्याचे पंचवीस भाग करून त्यातला एक भाग शंभर ग्रॅम मांसात शोधायचा. आणि तो नुसता सापडून भागत नाही, मोजावाही लागतो.

त्यासाठी तपासणीच्या दोन आघाड्या असतात, पाण्याची आणि शिंपल्याची. पाण्याची आघाडी म्हणजे आगाऊ इशारा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी पाण्याचा नमुना घेतात आणि त्यात आयोडीनचं द्रावण टाकतात. पाण्याला फिक्या चहाचा रंग आला की पुरे. त्याने पेशी मरतात पण त्यांचा आकार शाबूत राहतो. मग त्या तळाला बसू देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मोजायची एक काचेची पट्टी असते, तिच्यावर एक मिलिलिटर पाणी मावतं आणि त्याचे हजार चौकोन आखलेले असतात. एकेक चौकोन बघत, जात ओळखत, आकडा लिहायचा. हे काम यंत्रापेक्षा डोळ्याचं आहे, आणि असा डोळा तयार व्हायला वर्षं लागतात. अलेक्झांड्रियमच्या विषारी आणि बिनविषारी जाती सूक्ष्मदर्शकाखाली इतक्या सारख्या दिसतात की आता पुष्कळ ठिकाणी पाण्यातला डीएनए तपासून खातरजमा करतात.

उपग्रहाची मदत होते का? उघड्या समुद्रात होते. समुद्राच्या रंगावरून हरितद्रव्य किती आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यावरून शेवाळाच्या फुलोऱ्याची माहिती देते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-३ वर याच कामाचा कॅमेरा आहे. पण त्या कॅमेऱ्याचा एक ठिपका साधारण ३६० मीटरचा. कळवा-विटाव्याकडे आपली खाडी एका ठिपक्यातही मावेल. शिवाय उधाणाच्या भरतीला इथलं पाणी चिखलाने इतकं गढूळ होतं की वरून चिखल आणि शेवाळ वेगळं काढणं अवघड. ठाणे खाडीसाठी बादली, बाटली आणि होडी यांना पर्याय नाही, असं माझं मत आहे.

पाण्यात पेशी दिसल्या म्हणजे शिंपल्यात विष आलंच असं नाही, आणि पाणी स्वच्छ दिसू लागलं तरी शिंपल्यात गेल्या पंधरवड्याचं विष असू शकतं. म्हणून खाण्याबाबतचा निर्णय शेवटी मांस तपासूनच होतो. एकच तिसरी तपासून चालत नाही, कारण शेजारशेजारच्या दोघींत फरक पडतो. एका जागच्या डझनभर किंवा जास्त शिंपल्यांचं मांस एकत्र वाटून त्याचा नमुना करतात.

या तपासणीची सुरुवात एका दुर्घटनेतून झाली. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात शिनाणे खाऊन शंभरेक लोक आजारी पडले, सहा दगावले. त्यानंतर तिथल्या संशोधकांनी १९३७ मध्ये उंदरांची चाचणी बसवली. मगाशी सांगितलेला आंबट अर्क वीस ग्रॅमच्या उंदराच्या पोटात टोचायचा आणि तो किती वेळात मरतो ते घड्याळ लावून मोजायचं. पंधरा मिनिटांत एक उंदीर मारणारी मात्रा म्हणजे एक 'उंदीर-एकक'. क्रूर आहे, ढोबळ आहे, आणि ती जगभर कमी होत चालली आहे याचं मला मनापासून समाधान वाटतं. पण या चाचणीचा एक गुण मान्य करावाच लागतो. आपण ज्याचं नावही ऐकलेलं नाही, असं विषही ती दाखवते.

कॅनडात १९८७ च्या अखेरीस हेच झालं. प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिनाणे खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले, तिघे दगावले. उलट्या-जुलाब होतेच, पण काही जणांची स्मरणशक्ती गेली. जुनं आठवत होतं, नवं काही लक्षात राहत नव्हतं. माहितीतल्या एकाही विषाशी ही लक्षणं जुळेनात. उंदरांना अर्क टोचला तेव्हा ते सॅक्सिटॉक्सिनने मरतात तसे मरत नव्हते. मागच्या पायाने खांदा खाजवत राहायचे. या एका विचित्र खाजवण्यावरून शास्त्रज्ञांनी माग काढला. अर्काचे भाग करायचे, कोणत्या भागाने उंदीर खाजवतो ते बघायचं, त्या भागाचे पुन्हा भाग करायचे. थोड्याच दिवसांत कॅनडातल्याच हॅलिफॅक्स शहरातल्या चमूने विष ओळखलं. ते होतं डोमोइक ॲसिड. गंमत म्हणजे हा पदार्थ जपानमध्ये आधीच माहीत होता. 'डोमोई' नावाच्या समुद्री शेवाळात तो सापडतो, आणि ते शेवाळ तिथे जंतांवर औषध म्हणून द्यायचे. अल्प मात्रेत औषध, जास्त मात्रेत मेंदूतल्या स्मरणाच्या पेशी जाळणारं विष. बेटाजवळच्या पाण्यात ते बनवत होतं डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या गटातलं, सूक्ष्म शेवाळ, आणि डायटम माणसाला असं विष देऊ शकतात हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. डोमोइक ॲसिडची किलोमागे वीस मिलिग्रॅमची मर्यादा ही त्या प्रसंगाची देणगी.

उंदरांची जागा आता दोन प्रकारच्या चाचण्या घेत आहेत. पहिली पट्टीची. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत असते तशीच पट्टी, फक्त तिच्यावरची प्रतिपिंडं सॅक्सिटॉक्सिनला चिकटणारी. अर्काचे थेंब टाकायचे, काही मिनिटांत रेघ बघायची. होडीवर, बंदरावर, कुठेही करता येते. तिची अडचण अशी की सॅक्सिटॉक्सिनची पन्नासहून जास्त भावंडं आहेत आणि प्रतिपिंडं सगळ्यांना सारखी ओळखत नाहीत. म्हणून पट्टी चाळणीसारखी वापरायची आणि संशय आला की नमुना मोठ्या यंत्राकडे पाठवायचा.

ते मोठं यंत्र माझ्या रोजच्या कामातलं. आमच्याकडे ते कीटकनाशकांसाठी चालतं, तत्त्व तेच. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर एका टोकाला एकाच वेळी गर्दी सोडली अशी कल्पना करा. कुणी थेट चालत सुटतो, कुणी वडापावपाशी थांबतो, कुणी ओळखीचं भेटलं म्हणून रेंगाळतो. दुसऱ्या टोकाला सगळे वेगवेगळ्या वेळी पोचतात. यंत्रातल्या बारीक नळीत अर्कातले रेणू असेच आतल्या भुकटीशी कमीजास्त रेंगाळत एकेक करून बाहेर येतात. बाहेर आल्या आल्या प्रत्येकाचं वजन घेतलं जातं, मग तो फोडून तुकड्यांचंही वजन घेतलं जातं. पोचायची वेळ, अख्ख्याचं वजन आणि तुकड्यांची वजनं एवढं जुळलं तर ओळख पटते. भावंडांची तीव्रता वेगवेगळी असते. त्यामुळे चिल्लर आणि नोटा मिळून जसे एकूण रुपये काढतो, तसं प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या तीव्रतेने गुणून एकच बेरीज काढतात आणि ती मर्यादेशी ताडतात. तेलात विरघळणाऱ्या विषांच्या गटासाठी, ज्याने मुख्यतः जुलाब-उलट्या होतात, युरोपने २०११ मध्ये उंदरांऐवजी याच यंत्राला मुख्य पद्धत मानलं.

यंत्र विकत घेतलं की काम झालं, असं मात्र नाही. आकडा काढायला त्या विषाचा शुद्ध, मोजलेला नमुना शेजारी ठेवावा लागतो. असे प्रमाण-नमुने जगात मोजक्याच ठिकाणी बनतात, हॅलिफॅक्स त्यातलं एक. आणि सॅक्सिटॉक्सिन तर रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या यादीत आहे, एरंडाच्या बियांतल्या रायसिन या विषाच्या शेजारी. ते मागवताना कागदपत्रांची मोठी वाट चालावी लागते. शिवाय यंत्राला जे शोधायला सांगितलं आहे तेच ते शोधतं. खाजवणाऱ्या उंदराने दिला तसा अनपेक्षित इशारा त्याच्याकडून सहज मिळत नाही.

गोड्या पाण्याबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण ठाणं हे तलावांचं शहर. उन्हाळ्यात तलावाच्या कडेला, वारा ज्या बाजूला वाहतो तिकडे, पोपटी रंग सांडल्यासारखा थर दिसला तर तो बहुधा नील-हरित शेवाळाचा असतो. त्यातलं मायक्रोसिस्टिस हे यकृतावर आघात करणारं मायक्रोसिस्टिन बनवू शकतं. दोन सोप्या परीक्षा घरच्या घरी होतात. काठी घालून वर काढा. केसांसारखे लांब तंतू लोंबले तर ते साधं शेवाळ, काठी रंगात बुडवल्यासारखी दिसली तर नील-हरित असण्याची शक्यता. किंवा हातमोजे घालून पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर हलवू नका. नील-हरित शेवाळ वर तरंगून येतं. विष आहे की नाही, हे यातून कळत नाही, पण मुलांना आणि कुत्र्याला त्या पाण्यापासून लांब ठेवायला एवढं पुरे. आपल्या खाडीवर येणारे छोटे रोहित पक्षी याच नील-हरित कुळातल्या शेवाळावर जगतात. कुळ एक, पण प्रत्येक जात विषारी नसते.

पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा कायमच्या वापराचा आकडा लिटरमागे एक मायक्रोग्रॅम आहे. उकळल्याने ते जात नाही. घाईने शेवाळ मारणं तर अधिक वाईट, कारण पेशी फुटून आतलं सगळं विष पाण्यात सुटतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातल्या शेवाळावर मोरचूद टाकलं आणि पाठोपाठ १४८ जण आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. मोरबे असो की आणखी कुठलं धरण, शहाणपण यात आहे की पेशी न फोडता, अख्ख्या असतानाच गाळून काढाव्यात आणि पाणी कोणत्या खोलीवरून उचलायचं ते शेवाळ बघून ठरवावं.

परत खाडीकडे येते. कॅलिफोर्नियात किनाऱ्यावर जाळीच्या पिशव्यांत शिनाणे टांगून ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी त्यातले थोडे काढून तपासतात. त्यांना पहारेकरी शिनाणे म्हणतात. तिथे दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर घरच्यासाठी शिनाणे काढायला बंदी असते, १९३९ पासून. अमेरिकेत शिंपल्यांच्या प्रत्येक पोत्याला चिठ्ठी बांधलेली असते. कुठल्या पाण्यातून, कोणत्या तारखेला, कुणी काढले. विकणाऱ्याने ती चिठ्ठी ९० दिवस जपायची. कुणी आजारी पडलं तर त्या चिठ्ठीवरून थेट त्या पाण्यापर्यंत पोचता येतं आणि तेवढाच पट्टा बंद करता येतो. बाकीच्यांची रोजीरोटी चालू राहते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी यंत्रबोटींसाठी आहे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरून हाताने तिसऱ्या वेचणाऱ्या बाईचा हिशेब त्यात कुठेच नाही.

अशी व्यवस्था आपल्याला झेपणार नाही, असं मला अजिबात वाटत नाही. केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र वाशीत आहे, मत्स्य शिक्षणाची केंद्रीय संस्था वर्सोव्याला. ऐरोली, वाशीगाव, सारसोळे, दिवाळे, एवढ्या चार जेट्टींना जाळीची एकेक पिशवी टांगली आणि दर भांगाला, म्हणजे पंधरवड्यातल्या कमी भरतीला, त्यातले शिंपले तपासले, तरी दोन वर्षांत या खाडीचं एक पंचांग तयार होईल. कोणत्या महिन्यात काय दिसतं, पहिल्या पावसानंतर काय बदलतं. आणि ते काम कोळीवाड्यातल्या बायकांना पगार देऊन त्यांच्याकडूनच करून घ्यावं, कारण खाडी त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही.

गेल्या रविवारी मावशींना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टोपल्यांकडे बोट दाखवलं. ही उरणकडची, काल दुपारची. ती लहान तिसरी आपल्या खाडीची, पहाटेच्या सुकतीची, विटाव्याच्या अंगाला काढलेली. एकदाही अडखळल्या नाहीत. मी पिशवीतल्या कागदाच्या मागे जागा, तारीख आणि सुकतीची वेळ लिहून घेतली, आणि त्यांनी तो कागद माझ्या हातून घेऊन वाट्याच्या वर ठेवला.